कुणालाही न सांगणारं बदक

माझा उजवा हात थरथरतो ही गोष्ट मी या जगात सगळ्यांत आधी ज्याला सांगितली, त्यानं ती त्याच संध्याकाळी माझ्या बायकोसमोर टीव्हीवर आणून ठेवली. त्याचं नाव मी इथं घेत नाही. सगळं जग ज्याला विचारतं, तेच ते मोबाइलवरचं शोधयंत्र. पण नाव घेतलं की त्याला कळतं, असं आमचे शेजारी पुंडलिकराव म्हणतात. तेव्हापासून मी कसलीच जोखीम घेत नाही.

झालं असं. मी नानासाहेब दांडगे, संभाजीनगरातल्या एका महाविद्यालयाचा हेडक्लार्क. विद्यार्थ्यांच्या दाखल्यांवर 'तपासले' म्हणून माझी सही असते. चोवीस सालच्या एप्रिलमध्ये एक मुलगी दाखला परत घेऊन आली आणि म्हणाली, "सर, ही सही तुमचीच आहे ना? स्कॉलरशिपवाले विचारायलेत, वाहनात बसून केली का म्हणून."

एकोणतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या सहीवर कुणी शंका घेतली नव्हती. उलट सही कशी असावी हे प्राचार्यांना सांगताना लोक माझी सही दाखवायचे. मी सही पाहिली. 'दांडगे'मधला दंड भूकंप मोजणाऱ्या यंत्राच्या रेघेसारखा गेला होता. जानेवारीपासून हात थोडा हलत होता हे मला माहीत होतं. पण ते कागदावर उमटून, शिक्का बसून, जावक क्रमांकासह बाहेर गेलं होतं, हे नव्हतं माहीत.

मी रेकॉर्ड रूममध्ये गेलो, दार लावलं आणि मोबाइलवर विचारलं, 'उजवा हात थरथरतो कारणे'. सात कारणं आली. पाच वाचेपर्यंत मी उभा होतो. सहावं वाचलं आणि एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या गठ्ठ्यावर बसलो. सहावं कारण कंपवात होतं.

करमाडला आमचे थोरले चुलते होते, मुंजाबा. मांडीवर ठेवलेला त्यांचा हात माळ ओढल्यासारखा आपोआप हलायचा. शेवटच्या वर्षात मी त्यांना भाकरीचा घास भरवायचो. अख्ख्या गावाला दम देणारा तो माणूस घास घेताना माझ्याकडं बघायचा नाही, भिंतीकडं बघायचा. मी तेव्हा दहावीत होतो. ती भिंत मला अजून दिसते.

तर त्या संध्याकाळी सत्यशीला, म्हणजे आमच्या मंडळी, आणि शेजारच्या रत्नमालाबाई टीव्हीवर कोथिंबीरवडीची कृती बघत होत्या. टीव्ही माझ्याच खात्यावर चालतो. वड्या तळायला टाकल्या आणि मध्येच जाहिरात आली : 'हात थरथरतात? घाबरू नका!' तिच्या पाठोपाठ चाकाची खुर्ची आली. मग चार पायांची काठी.

"अगं बाई," रत्नमालाबाई म्हणाल्या, "हे कुणासाठी यायलं?"

"सगळ्यांनाच येतं," मी म्हणालो.

"आमच्याकडं तर पैठण्याच येतात. ज्यानं जे विचारलं त्याला ते येतं म्हणं."

सत्यशीलानं माझ्याकडं पाहिलं. मी हात पाठीमागं नेला. वड्या जळल्या की काय ते आम्हा तिघांनाही कळलं नाही.

एरवी मी हे सोसलं असतं. पण बारा दिवसांनी आमच्या तनुजाला बघायला चितेगावचे लोक येणार होते. मुलगा आदिनाथ, कंपनीत इंजिनिअर. वडील रामकिसनराव मुळे. तनुजाच्या बायोडेटात 'घराणं निरोगी' हे दोन शब्द मी स्वतः घातले होते, तेही ठळक अक्षरांत. आता एखाद्या यंत्राला माझा हात ठाऊक असेल, तर ते चितेगावात कुणाच्या टीव्हीवर काय दाखवील याचा काय नेम? माझी जाहिरात चितेगावच्या टीव्हीवर जात नाही हे मला कळत होतं. पण भीती वाटायला लागली की कळलेल्या गोष्टींचा काही उपयोग होत नाही.

मी पुंडलिकरावांकडं गेलो. आमच्या सोसायटीचं नाव जलधारा. संभाजीनगरातल्याच सातारा परिसरात आहे. नळ आहेत, पाइपलाइन मंजूर आहे, उद्घाटनाची कोनशिलाही बसली आहे. पाणी तेवढं यायचं राहिलं आहे. तोवर टँकर येतो. त्या टँकरची वाट बघत पुंडलिकराव रोज सकाळी गेटवर खुर्ची टाकून बसतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळं तारेतून जाणाऱ्या सगळ्या गोष्टी त्यांच्या अखत्यारीत येतात.

"माझ्या एका मित्राला मोबाइलवर काही विचारायचंय," मी म्हणालो. "पण विचारलेलं कुणाला कळायला नको."

"बाईचं लफडं हाय का?"

"नाही हो!"

"खात्याची चौकशी?"

"नाही."

"मग तुमचा मित्र घाबरायलाय कशाला?" त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. मी टाकीकडं पाहिलं. ते खुर्ची ओढून जवळ आले. "नानासाहेब, मी बत्तीस वर्षं टेलिफोनात काढली. लोकांना वाटायचं आम्ही सगळं चोरून ऐकतो. अहो, आम्हाला आमचाच डायलटोन ऐकू येत नव्हता! पण आता खरंच ऐकायलेत. मित्राला सांगा, शोधयंत्र बदल. विचारलेलं लिहून न ठेवणारी यंत्रं असतात."

त्यांनी टँकरच्या चिठ्ठीमागं तीन नावं लिहून दिली.

पुढचे तीन दिवस मी ती तीन स्थळं पाहिली. तनुजासाठी केली नसेल इतकी चौकशी केली. पहिलं स्थळ युरोपातलं, सरळमार्गी, पण मराठीत विचारलं की गप्प बसायचं. दुसरं स्वतः काहीच शोधत नव्हतं. आपला प्रश्न नाव न सांगता दुसऱ्यांना विचारून यायचं. म्हणजे घरजावईच. तिसऱ्याच्या कपाळावर बदकाचं चित्र होतं. ज्या कॉलनीत चिमणीला प्यायला पाणी ठेवायचं तर सोसायटीत ठराव करावा लागतो, तिथं बदक! पण त्याची भाषा मला पटली. तुम्ही काय विचारलं ते आम्ही नोंदवत नाही, तुमच्या मागावर राहत नाही, असं ते म्हणत होतं. त्याच्या अटी आणि शर्ती मी छापून घेतल्या आणि लाल पेन्सिलीनं तपासल्या. शुद्धलेखन वगळता आक्षेपार्ह काही नव्हतं. मी बदक मुक्रर केलं.

"नुसतं बदक घेऊन भागत नाय," पुंडलिकराव म्हणाले. "जुन्याकडं तुमचं खातं हाय तवर तुमची सगळी कुंडली त्याच्याकडं. मित्राला सांगा, खातं मुळासकट उपट."

मी मोबाइलवरचं खातं उपटायला घेतलं. 'तुम्हाला खात्री आहे का?' असं त्यानं चार वेळा विचारलं. सरकारी कागद असता तर मी चारही वेळा वाचला असता. पण हात थरथरत होता आणि सत्यशीला जिना चढत होती. मी चार वेळा 'मान्य' दाबलं.

खातं गेलं. त्याच्याबरोबर त्यात ठेवलेले सहाशे बारा फोन नंबर गेले. आणि त्या सहाशे बारांत कडुबाचा नंबर होता.

कडुबा म्हणजे आमचा टँकरवाला. जलधारामध्ये टँकर बोलवायची पाळी दर महिन्याला एका घराकडं असते. एप्रिल आमच्याकडं होता. कडुबानं नंबर बदलला तोही एप्रिलातच, त्यामुळं नवा नंबर अकरा घरांत फक्त माझ्याकडं होता. मी बदकाला विचारलं, 'कडुबा टँकर'. त्यानं आखातातल्या तेलाच्या जहाजांची माहिती दिली. त्याचा दोष नाही. मी कोण, कुठला, हे त्याला मीच कळू दिलं नव्हतं. ज्याला आपण कुणीच नाही असं सांगितलं, त्याच्याकडं आपला टँकरवाला मागायचा तरी कसा?

पहिल्या दिवशी लोकांनी वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीतल्या गोजरबाई रिकामा ड्रम लोटत आमच्या दारात आल्या. ड्रमचा आवाज वेशीपर्यंत गेला असेल.

"भाऊ, टँकर कुठंय?"

"नंबर लागत नाही."

"लागत नाय का राहिला नाय? पुंडलिकभाऊ म्हणायले, तुम्ही मोबाइल धुऊन काढला. अंग धुवायला पाणी नाय आन् तुम्ही मोबाइल धुवायलेत व्हय?"

मित्राचं गुपित पुंडलिकरावांनी असं जपलं होतं. मी स्कूटर काढून टँकर भरतात त्या विहिरीवर गेलो. कडुबा नुकताच भरून गेला होता. दुसऱ्यांदा गेलो, तेव्हाही नुकताच गेला होता. विहिरीवर उभ्या असलेल्या वीस ड्रायव्हरांपैकी एकाकडंही त्याचा नवा नंबर नव्हता. तो कुणाला सांगत नाही म्हणे. खासगीपणाची खरी कळ कडुबाला साधली होती.

घरी वेगळंच शिजत होतं. पाणी नसलं तरी. रत्नमालाबाईंनी सत्यशीलाला सांगितलं होतं की त्यांच्या नणंदेच्या मालकांनीही असाच मोबाइल कोरा केला होता आणि पुढं पैठण रोडला त्यांचं दुसरं घर सापडलं. मी हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलं. म्हणजे चोरून ऐकलं नाही, ऐकू आलं.

दुपारी सत्यशीलानं अगदी हळू विचारलं, "गच्चीवर बसून मोबाइलमध्ये काय बघता एवढं?"

माझ्या तोंडून खरं निघून गेलं. "बदक."

"बदक?"

"हो."

ती पुढं काही बोलली नाही. सव्वीस वर्षांच्या संसारात ती कधी गप्प बसली नव्हती. मला हाताच्या भीतीपेक्षा त्या गप्प बसण्याची भीती जास्त वाटली.

खातं परत मिळवायचं ठरवलं. तर यंत्र म्हणालं, तुम्ही तुम्हीच आहात कशावरून? खूण पटवायचा आकडा तुमच्या जुन्या नंबरवर पाठवतो. तो नंबर मी दोन महिन्यांपूर्वी बंद केला होता. तो चालू करायला आधारकार्ड घेऊन शहागंजातल्या एका मोबाइलच्या दुकानात जावं लागलं. मेंदी लावलेल्या दाढीचे चाचा गल्ल्याच्या मागं बसले होते. त्यांनी काचेचं इवलंसं यंत्र पुढं सरकवलं.

"अंगूठा रखो साहब."

मी ठेवला. यंत्रानं लाल दिवा दाखवला.

"हिलाओ नक्को."

"मैं नहीं हिला रहा."

"तो कौन हिला रा?"

मागं रांगेत सात-आठ माणसं होती. एकजण हसला. मी पुन्हा अंगठा टेकवला. हात घट्ट धरावा म्हणून जीव एकवटला, तर तो आणखीच उडू लागला. लाल दिवा. चाचा म्हणाले, आता एकच संधी; नंतर यंत्र चोवीस तास बंद. उद्या पुन्हा यावं लागेल.

टँकर, गोजरबाईंचा ड्रम, बारा दिवसांतले उरलेले पाच, सगळं त्या काचेवर येऊन बसलं होतं. आणि तिथं, शहागंजच्या ऐन गर्दीत, मी मीच आहे हे सिद्ध करायला माझाच हात तयार नव्हता.

चाचा उठले. गल्ल्यावरून वाकून त्यांनी माझं मनगट आपल्या दोन्ही हातांत धरलं. लहान पोराचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घेतात, तसं. "अब रखो," ते म्हणाले. हिरवा दिवा लागला.

"कब से है?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

"जनवरी से."

"घर में बोले?"

मी मान हलवली. नाही.

"मेरे को तो मालूम हो गया ना," ते म्हणाले. "मेरे को क्या हुआ? कुछ नहीं. अब घर में भी बोल दो." मग मागं पाहून ओरडले, "कौन हँसा रे? आगे आओ!"

खातं आलं. कडुबा आला, दोन खेपा टाकून गेला. गोजरबाईंचा ड्रम भरला. पण घरी मी बोललो नाही. पाच दिवस उरले होते, म्हटलं पाहुणे जाऊ देत.

पाहुणे आले ते रविवारी सकाळी. रामकिसनराव, त्यांच्या मंडळी भागूबाई आणि आदिनाथ. मी उजवा हात पँटच्या खिशात घालून बसलो होतो. नमस्कार डाव्या हातानं छातीशी केला. पेढे डाव्या हातानं पुढं केले, तेव्हा भागूबाईंनी पेढ्याकडं पाहिलं, मग माझ्या खिशाकडं पाहिलं.

तनुजानं चहा आणला. सगळ्यांनी घेतला. "तुम्हीपण घ्या की नानासाहेब," रामकिसनराव म्हणाले. पाहुण्यानं आग्रह केला तर यजमानाला सुटका नसते. मी खिशातून हात काढला, कपबशी उचलली, आणि कप बशीत वाजायला लागला.

मी तो खाली ठेवायला गेलो आणि अर्धा चहा रामकिसनरावांच्या पांढऱ्याशुभ्र पँटवर गेला.

"मागच्या गल्लीत बोअर पाडायलेत," मी म्हणालो. "मशीन फार मोठं आहे. जमीन हादरते."

रामकिसनरावांनी आपल्या हातातल्या कपाकडं पाहिलं. त्यातला चहा आरशासारखा स्थिर होता. भागूबाईंनीही आपला कप पाहिला. आदिनाथनं खिडकीबाहेर पाहिलं, कदाचित मला मदत करायला. बाहेर चिटपाखरू नव्हतं.

"बोअर नाय काही," सत्यशीला म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "ह्यांचा हात थरथरतो. जानेवारीपासून. ते मला सांगंनात, म्हणून मीपण सांगितलं नाय की मला माहीत हाय. चार महिने झाले, मी त्यांना चहा अर्धाच कप देते. आज तुमच्यासमोर भरून द्यावा लागला. शर्टाची खालची बटणं आदल्या दिवशीच लावून ठेवते, डोक्यातून घालता यावा म्हणून. ह्यांच्या चुलत्यांना कंपवात होता. ह्यांना काय हाय ते आम्हाला माहीत नाय. तुम्हाला हे स्थळ नको असलं तर तसं सांगा. पण मशीन-बिशीन काय नाय."

रामकिसनराव रुमालानं पँट पुसत होते. "बरं," ते म्हणाले. "येतो आम्ही." पेढे तसेच राहिले.

ते गेल्यावर सत्यशीला फरशीवरचा चहा पुसायला बसली. मी फडकं मागितलं, तिनं दिलं नाही.

"बदकाला काय विचारत होता?" तिनं विचारलं.

"मुंजाबाकाकांसारखं होईल का म्हणून."

"मग काय म्हणालं?"

"सगळ्यांना सांगतं तेच."

ती फडकं पिळत राहिली. "तुम्ही मला विचारायचं होतं," ती म्हणाली. "मलापण माहीत नव्हतं. पण मी तुम्हाला ओळखते तरी."

मुलीचं लग्न मोडलं होतं. ते मी हातानं मोडलं असतं तर एक वेळ चाललं असतं. मी ते बोअरच्या मशीननं मोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामकिसनराव मोटारसायकलवर एकटेच आले. बसा म्हटलं तर बसेनात.

"नानासाहेब, एक राहून गेलं," ते म्हणाले. "आमच्या आदिनाथला उजव्या कानानं ऐकू येत नाय. लहानपणी गोवर झाला होता, त्यात गेलं. काल आम्ही त्याला मुद्दाम भिंतीच्या कडंला बसवलं होतं, उजवीकडून कुणी बोलू नये म्हणून. लग्न झाल्यावर सांगू म्हणत होतो. पण वहिनी तोंडावर बोलल्या, आन् घरी गेल्यावर आमच्या मंडळी म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा, नायतर मी जाते."

मी काही बोलायच्या आत तनुजा आतून आली. "मला माहितीये काका. आदिनाथनं पहिल्याच फोनला सांगितलं."

"आणि तू काय सांगितलंस त्याला?" मी विचारलं.

"बाबांचा हात."

म्हणजे मी बदकाच्या पंखाखाली दडलो होतो तेव्हा चितेगावात आदिनाथला सगळं ठाऊक होतं. रामकिसनराव आता बसले. सत्यशीलानं त्यांना भरलेला कप दिला आणि मला अर्धा. या वेळी कुणी काही लपवलं नाही. दिवाळीनंतरची तारीख धरायचं ठरलं.

मंगळवारी सत्यशीला मला मेंदूच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. स्कूटर तिनं चालवली. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी मला हात मांडीवर ठेवायला सांगितला. तो गप्प पडून राहिला. मग पुढं धरायला सांगितला, तेव्हा तो सुरू झाला. एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतून घेतलं. कागदावर गोगलगाईच्या शंखासारखं वर्तुळ काढून घेतलं. मग कोरा कागद पुढं सरकवला.

"कोणतंही एक वाक्य लिहा."

एकोणतीस वर्षं मी लिहितो आहे. 'सदर विद्यार्थी या महाविद्यालयात शिकत असून' हे मी झोपेतही लिहीन. पण पेन टेकवलं आणि वेगळंच उतरलं. मोठ्या, वाकड्यातिकड्या अक्षरांत मी लिहिलं : 'मला भीती वाटते.'

डॉक्टरबाईंनी कागद बराच वेळ पाहिला. मजकूर नव्हे, अक्षर. "कंपवातात अक्षर बारीक होत जातं," त्या म्हणाल्या. "तुमचं मोठं आणि नागमोडी आहे. हात टेकलेला असताना थांबतो, काम करताना हलतो. मला तुमच्या काकांचा आजार वाटत नाही. थायरॉइडची तपासणी करू. पण बहुतेक ही नुसती थरथर आहे. जीव घेणार नाही. पूर्ण जाणारही नाही. गोळ्या देते, तीन महिन्यांनी दाखवा."

मी हो म्हणालो. पूर्ण जाणार नाही, हे तेवढं कानात राहिलं.

त्यांनी कागद फाइलला लावायला उचलला. "जरा थांबा," सत्यशीला म्हणाली. तिनं कागद ओढून घेतला, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि माझ्या ओळीखाली आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं : 'मलापण.'

"आता लावा," ती म्हणाली.